वरातीच्या दगडांपाशी सापडलेलं कडं

आमच्या गावाच्या उगवतीला धानाच्या बांध्या संपल्या की मुरमाचं टेकाड लागतं. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी तिथवर चढत नाही, म्हणून ती जागा कुणाच्या कामाची नाही. टेकाडावर काळे दगड गोल मांडलेले आहेत, काही कमरेइतके, काही बसलेल्या माणसाएवढे. गावात त्यांना वरातीचे दगड म्हणतात. एक वरात नवरी घेऊन निघाली, दम खायला टेकली, कुणाचा तरी शाप लागला आणि बसल्या जागी सगळ्यांचे दगड झाले. सगळ्यात मोठा तो नवरदेव, कललेली ती नवरी, बाकीचे वऱ्हाडी आणि वऱ्हाडातल्या बाया.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मुद्दाम आधी लिहिते, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं. बाप सातवीत शाळा सोडलेला, माय अंगठा उठवणारी. मी तालुक्याच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाले, तेही पहिल्या वर्गात. मला त्याचा गर्व होता. आजही आहे, लपवून काय करायचं?

शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात विदर्भातल्या दगडी वर्तुळांवर दीड पान होतं. लोखंड वापरणारे लोक, त्यांनी मेलेल्यांसाठी केलेल्या जागा, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या. शेजारी फोटो होता. तो पाहिला आणि मी वर्गात उभीच राहिले. म्हटलं, सर, हे तर आमच्या गावात आहे. पोरं हसली. कॉलेजचे सर हसले नाहीत. एका रविवारी मोटरसायकलवर आले, दगडांभोवती तीन चकरा मारल्या आणि विद्यापीठाला पत्र लिहिलं. दोन वर्षांनी, धान कापून झाल्यावर, उत्खननाची मंडळी तंबू घेऊन आली. नोंदी लिहायला आणि मजुरांशी बोलायला त्यांनी मला ठेवून घेतलं. त्यांचे प्रमुख पुण्याकडचे. मजुरांशी ते फार सभ्य बोलायचे, त्यामुळे मजुरांना काही समजायचं नाही.

खोदणाऱ्यांत आमच्या गावचे एक म्हातारे होते, त्यांना सगळं गाव मामा म्हणायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धरलं.

"काऊन वं बाई, एवढी शाळा शिकली ते मसण उकरायले?"

"मामा, मसण नाही, इतिहास आहे."

"इतिहासाले कुदळ लागते का? आमाले वाटे चष्मा लागते."

सगळे हसले. मीही हसले. मला राग नव्हता, कारण मी मालकिणीसारखी फिरत होते. ते दगड मीच तर शोधले होते.

घरी मात्र मायला ते पटत नव्हतं. खोदकाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "वरात बसली आहे ते. बसू दे त्यायले."

"माय, वरातबिरात काही नाही. कबरी आहेत त्या. लोखंड ठोकणारे लोक होते, त्यांची मेलेली माणसं आहेत तिथं."

"कबरी?"

"हो."

सूप थांबलं. "मंग वऱ्हाडातल्या बाया?"

"बायाबिया काही नाही. दगड आहेत नुसते."

ती परत पाखडायला लागली. बाप दारात बसून ऐकत होता. मला वाटलं, अडाणी माणसं आहेत, समजेल हळूहळू.

पहिले पंधरा दिवस खापरं निघाली, आतून काळी, बाहेरून लाल. एक लोखंडी कुऱ्हाड निघाली, गंजून भाकरीसारखी फुगलेली. मग एका सकाळी उत्तरेकडच्या दगडाच्या बुडाशी मी ब्रश मारत होते. तिथली माती सैल होती. हातभर खाली गेल्यावर हिरवं काहीतरी दिसलं. बोटानं उचललं. तांब्याचं कडं. एवढंसं, माझ्या दोन बोटांवरही चढलं नसतं.

मी ओरडलेच. सगळे धावत आले. प्रमुख सर वाकून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "लहान मुलाचं दिसतंय. पण इथली माती सैल का आहे, ते बघावं लागेल."

मी म्हटलं, "सर, उंदरांची बिळं आहेत इथं."

बिळं होतीच. पण मी ते काऊन म्हटलं, हे मला माहीत आहे. ते कडं जुनं असायलाच पाहिजे होतं. मी नोंदवहीत माझ्या अक्षरात लिहिलं: तांब्याचं कडं, लहान मुलाचं, उत्तर बाजू. शोधणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. गोंदियाच्या हिंदी पेपरचा एक माणूस योगायोगानं तिथं होता. त्यानं तबक माझ्या हातात देऊन फोटो काढला. म्हणाला, "थोड़ा मुस्कुराइए मैडम." मला जन्मात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं.

दुपारी माय डबा घेऊन आली. मी तिला हाताला धरून तंबूत नेलं. तबकात कापसावर ते कडं ठेवलं होतं, शेजारी चिठ्ठी.

"पाय माय, मी काढलं हे."

तिनं पाहिलं. हात लावला नाही.

"कुठं भेटलं?"

"उत्तरेच्या दगडापाशी. अडीच हजार वर्षांचं आहे. तेव्हाही लेकरांच्या हातात कडं घालत, आपल्यासारखंच. कोणाचं असेल बिचारीचं."

"बिचारीचं," ती म्हणाली. मी पोरगी का म्हटलं, मला माहीत नाही. तोंडातून गेलं.

ती परत निघाली, रिकामा डबा न्यायचाही विसरली. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

संध्याकाळी घरी आले तर ती लोखंडी पेटीपुढं बसली होती. बाप आंगणात, पाठ करून. मायनं माझ्यापुढं जमिनीवर एक कडं ठेवलं. तांब्याचं, एवढंसं, वर काळा दोरा गुंडाळलेला. ते मी ओळखत होते. लहानपणी पेटी उघडली की मी ते हातात घ्यायचे. जोडीचं कुठं आहे म्हणून एकदा विचारलं होतं, तर हरवलं म्हणाली होती. शंभरदा तरी हाताळलेली वस्तू. पण मातीतून हिरवी होऊन निघाली, चिठ्ठी लावून तबकात ठेवली, तर मला ओळखू आली नाही.

"तुह्या आधी एक झाली होती," माय म्हणाली. "नऊ दिवसाची गेली. मह्या मायनं आनलेली जोडी होती. एक तिच्या हातात राहू दिलं, एक मी ठेवलं."

आमच्याकडे दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत होतं. कुठं पुरतात, ते कधी विचारलं नव्हतं. ती सांगायला लागली, भाजीची कृती सांगावी तशी. गावातल्या बायांचं ठरलेलं असतं. वरातीच्या दगडापाशी द्यायचं. तिथं वऱ्हाडातल्या बाया आहेत. लेकरू रडलं तर कोणीतरी उचलते.

"तू म्हनली वरात नाई. कबरी आहेत म्हनली. मंग माही पोरगी कोनासंगं गेली?"

मला पुस्तकातलं दीड पानच आठवत होतं. पहिल्या वर्गात पास झालेली मी.

मी बापाकडे वळले. "बाबा, तुम्हाला माहीत होतं. मला सांगितलं कायले नाही?"

तो पाठमोराच बोलला. "मले वाटलं त्या कोपऱ्यात नाई खोदत. अन् तू इतकी शिकली, साहेबलोकात उठून-बसून राहिली. तुले काय सांगाचं म्हनलं आपलं."

मायनं एवढंच मागितलं: "जिथून काढलं तिथं ठेवून दे. उद्याच."

मी हो म्हटलं.

आणि ठेवलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला होता, गाँव की बेटी म्हणून. बाप चावडीवरून पेपर घेऊन आला होता, घडी करून खिशात. कॉलेजच्या सरांचा फोन आला. ते म्हणाले, अहवालात तुझं नाव येईल. मी ठरवलं, आज नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. रोज सकाळी मी निघताना माय दारात उभी राहायची, विचारायची नाही. मी चपला पाहत निघायचे. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी तिनं डबा भरला नाही. भात शिजलेला होता, लाखोळीचं वरण होतं, पण डबा रिकामा उभा. तेव्हा मी तिला म्हटलं, चल माझ्यासोबत. पेटीतलं कडं तिनं पदराला बांधलं.

प्रमुख सरांना मी सगळं सांगितलं. दोन्ही कडी त्यांनी शेजारी ठेवली. एकाच सोनाराच्या हातची खूण दोन्हींवर होती, तीन रेघा आणि एक टिंब. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तरीच माती सैल," एवढं म्हणाले, आणि नोंदवहीतल्या माझ्या ओळीवर पट्टी ठेवून लाल रेघ मारली. मग दोन्ही हातांनी ते कडं मायला दिलं. म्हणाले, "आई, चुकलं आमचं. त्या दगडापाशी परत ठेवायचं असेल तर आमची काही हरकत नाही."

मी पुढं, माय मागं, आम्ही उत्तरेच्या दगडाकडे गेलो. आणि तिथं जागाच नव्हती. त्या तीन दिवसांत मी तंबूत नोंदी लिहीत बसले होते, त्या बाजूला फिरकलेच नव्हते, आणि त्या भागाचं खोदकाम तळाला गेलं होतं. पुरुषभर खोल चौकोन, भिंती सुरीनं कापल्यासारख्या सरळ. खाली मूळचा मुरूम. वरची सगळी माती चाळून टेकाडाच्या उतारावर टाकली होती, गाडाभर नव्हे, ट्रॅक्टरभर. मामा तिथंच घमेलं घेऊन उभे होते. मायच्या मुठीत काय आहे ते त्यांनी पाहिलं आणि त्यांना समजलं. गावातल्या जुन्या माणसांना समजतं.

"हाडंबिडं भेटली का मामा?" मायनं विचारलं.

"नाई वं बाई. नऊ दिवसाच्या लेकराचं काय राहते ह्या मातीत." मग घमेलं खाली ठेवून, "राहिलं असन तं चाळनीतून गेलं."

माय खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. मी म्हटलं, ढिगात ठेवू का, तीच माती आहे. तिनं ढिगाकडे पाहिलं. त्यावर दोन कुत्री लोळत होती. मूठ तशीच ठेवून माय घरी निघाली. त्या दिवसापासून ती टेकाडाच्या वाटेनं गेली नाही. आमच्या बांधीला ती वाट जवळची, तरी ती कालव्याकडून लांबून जाते.

खोदकाम उन्हाळ्याच्या तोंडाशी, मोहफुलं पडायच्या वेळी संपलं. खड्डा बुजवला, पण वरची माती बसली आणि पावसाळ्यात तिथं पाणी साचतं. आता कुणाचं लेकरू गेलं तर तिथं नेत नाहीत. मागच्या वर्षी एकीचं गेलं, तर त्यांनी आमच्याकडच्या प्रतापगडच्या वाटेवर, जंगलाच्या कडेला नेलं. तिथं कोणी बाया नाहीत. गावाला मी एवढंच दिलं.

गेल्या महिन्यात अहवाल छापून आला. इंग्रजीत आहे. मी नोकरीच्या गावाहून घरी गेले तेव्हा नेला होता. मायनं पानं चाळून पाहिली, दगडांच्या चित्रावर बोट ठेवलं. उत्तरेच्या दगडाला पाच नंबर दिला आहे.

"तिचं काही लिहिलं का यात?"

खोटं सांगता आलं असतं. ती कुठं वाचणार होती? पण तिच्याशी आता खोटं बोलवत नाही. मी मराठी करून वाचून दाखवलं: पाचव्या दगडापाशी अलीकडचा एक खड्डा आढळला, तो अभ्यासात धरलेला नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"नाव नाई?"

"माय, नाव कुठं होतं तिचं. बारसं व्हायच्या आधीच गेली ना."

"होतं," ती म्हणाली. "मी ठेवलं होतं. सातव्या दिवशीच. कोनाले सांगितलं नाई."

मी विचारलं, काय होतं?

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या अहवालाकडे, मग माझ्या हातातल्या पेनाकडे. वाचताना खुणा करायची मला सवय आहे.

"जेवून घे," म्हणाली, आणि चुलीकडे गेली.