चिकटवलेल्या पाच चिठ्ठ्या

सकाळी सहाला माझी धाकटी कामावरून सुटेल, दाराजवळच्या खणातून आपला फोन काढेल आणि तिला कळेल की तिने बनवलेली बॅटरी रात्रीतून घराबाहेर काढावी लागली. मग ती चूक स्वतःच्या हातांत शोधत बसेल. नाही सापडली की हातच आखडून घेईल. ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही. कारण चूक कुठे आहे ते मला माहीत आहे.

मोडलेली वस्तू टाकणं तिला लहानपणापासून जमलं नाही. सात वर्षांची असताना तिने घरातली इस्त्री खोलली होती. परत जोडली तेव्हा एक स्क्रू उरला. "उरला म्हणजे नकोच होता," असं म्हणून तिने तो खिशात टाकला. इस्त्री पुढे नऊ वर्षं चालली. ह्यांचं म्हणणं, एवढं शिकवून घरात शेवटी भंगारवालाच जन्मला. ह्यांचा विश्वास नव्या खोक्यावर आणि वॉरंटीच्या कागदावर. तिचा अजिबात नाही.

"बाबा, लॅपटॉपची बॅटरी मेली म्हणून तुम्ही फेकता. आत सहा सेल असतात. एकाने मान टाकलेली असते, पाच धडधाकट. एक भाऊ आजारी पडला म्हणून सगळं घर स्मशानात नेता का?"

"सकाळी सकाळी काय बोलतेस!" हे म्हणाले आणि चहा घेऊन बाहेर गेले.

तिची नोकरी एका चार मजली इमारतीत आहे. तिथे दुसऱ्यांचे संगणक रांगांनी लावलेले असतात आणि ते थंड राहावेत म्हणून रात्रंदिवस गार वारा सोडलेला असतो. भर उन्हाळ्यात ती स्वेटर घेऊन कामावर जाते. "लोक म्हणतात, आमचे फोटो क्लाउडवर आहेत. कसला क्लाउड? मी रात्रभर कुडकुडते, तोच तो क्लाउड. कुणाच्या तरी जेवणाच्या ताटाचे तेरा फोटो गार ठेवायला किती वीज जळते, बघून ये एकदा." त्या विजेची भरपाई केल्यासारखी ती घरी आली की जुने सेल जगवत बसते. त्याचे व्हिडिओ टाकते. त्यात फक्त तिचे हात दिसतात. बघणारे तिला बॅटरीताई म्हणतात. कुणी लिहितं, "ताई, घर पेटवशील एक दिवस." कुणी लिहितं, "ताई, आमच्या पंख्यासाठी बनवा." जेवता जेवता डाव्या अंगठ्याने ती सगळ्यांना लाल बदामाचं चिन्ह देत सुटते.

"वाचतेस तरी का?"

"वाचत बसले तर जेवू कधी? तू आहेस ना वाचायला."

खरंच आहे. मी एकूण एक वाचते.

तिची पद्धत पक्की आहे. सुटे केलेले सेल पूर्ण भरायचे, प्रत्येकावर क्रमांक आणि मोजलेला आकडा लिहिलेली चिठ्ठी लावायची आणि चौदा दिवस हातही लावायचा नाही. पंधराव्या दिवशी पुन्हा मोजायचं. आकडा टिकला तर सेल शहाणा. नुसतं पडून राहूनही उतरला तर रडका. रडक्याच्या चिठ्ठीवर लाल फुली. एक रडका चुकून शहाण्यांत गेला तर बाकीचे त्याला ओढत राहतात, तो तापतो, आणि पुढचं मला ऐकवत नाही.

मागे एकदा तापतंय म्हणून मी भीतीने तिचा चार्जर मध्येच काढला होता. तिचे चौदा दिवस फुकट गेले. तेव्हा तिने माझा हात धरून सांगितलं, "आई, शपथ आहे. या टेबलाला हात लावायचा नाही."

तीन आठवड्यांपूर्वी केर काढताना माझ्या कोपराने तिचा डबा पाडला. तिच्या फुल्या मारून झाल्या होत्या, वेगळे काढायचे तेवढे राहिले होते. ऐंशीएक सेल घरभर घरंगळले. कपाटाखालून, सोफ्याखालून सगळे गोळा केले, तर पाच सेल उघडे आणि पाच चिठ्ठ्या जमिनीवर. त्यांतल्या दोन चिठ्ठ्यांवर लाल फुली.

सत्तावीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. क्रमांकाची चिठ्ठी सुटलेली किती पुस्तकं पाहिली असतील! डिंक लावायचा, चिठ्ठी चिकटवायची, पुस्तक जागेवर. हात सवयीने चालले. पुस्तक उघडलं की त्याचं नाव आत छापलेलं असतं, सेलच्या आत काही लिहिलेलं नसतं, हे पाचवी चिठ्ठी चिकटवून झाल्यावर लक्षात आलं. तोवर तिची चप्पल दारात वाजली. मी डबा जागेवर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

सांगेन, सांगेन म्हणत राहिले. एरवी ती जोडायच्या आधी प्रत्येक सेल पुन्हा तपासून घेते. पण मागच्या गल्लीतले घड्याळवाले काका दवाखान्यातून दोन दिवस आधीच घरी आले. त्यांचा श्वास झोपेत अडकतो, म्हणून रात्री नाकावर मास्क लावून हवा देणारं मशीन दिलंय. लाइट गेली की मशीन बंद. काकू रडवेल्या होऊन आल्या आणि धाकटीने त्या डब्यातले फुलीवाले वगळून, पुन्हा न तपासता, एका बैठकीत दोन बॅटऱ्या जोडल्या. एक काकांना दिली, एक जादा म्हणून टेबलावर ठेवली. काकांनी डोळ्याला भिंग लावून तिची जोडणी तपासली आणि म्हणाले, "हात माझ्यासारखा आहे पोरीचा." दोन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आज रात्री सव्वाबाराला मी काकांच्या बॅटरीच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचत होते. काकूंनी लिहिलं होतं: "बॅटरीताई, तुझ्या बॅटरीची एक बाजू छान कोमट राहते. यांचे पाय गार पडतात म्हणून अंथरुणात पायाशीच ठेवली आहे. खूप आशीर्वाद." खाली धाकटीचा बदाम. त्याखाली कुणीतरी हसून लिहिलेलं, "टू इन वन!"

पहिला फोन काकूंना लावला.

"काकू, ती बॅटरी आधी बोर्डातून काढा, मशीनपासूनही सोडवा. परातीत ठेवून गॅलरीत न्या. उघड्या फरशीवर ठेवा, जवळ कपडा नको."

"अगं, काय झालं? लेक म्हणाली का तुझी?"

खरं सांगायला मला एक क्षण मिळाला होता. "हो," मी म्हटलं, "तीच म्हणाली."

परातीचा आवाज आला, दार उघडल्याचा आला. मग काकू धापा टाकत म्हणाल्या, "ठेवली बाई. बरीच गरम झाली होती गं. हुशार आहे पोरगी, पण शेवटी पोरच. चुकली असेल कुठेतरी."

मी "हं" म्हटलं. एवढंच म्हटलं.

"आणि आता लाइट गेली तर?"

"बघते मी," म्हणून फोन ठेवला.

मग तिच्या इमारतीच्या दारावर फोन लावला. आत फोन नेता येत नाही, निरोप पहारेकऱ्याकडूनच जातो. तो म्हणाला, "ताई, तातडीचं असेल तर आत्ता बोलावतो. नाहीतर सहाला सांगतो."

"नाही, तसं काही नाही," मी म्हटलं. आणि तेव्हापासून हे लिहीत बसले आहे.

जादाची बॅटरी समोर टेबलावर आहे. मागची गल्ली चार मिनिटांवर. पण ती बॅटरीही त्याच डब्यातली. दोन्ही रडके काकांकडे गेले, की एक इथे आहे? झाकण पारदर्शक आहे, आतल्या चिठ्ठ्या दिसतात. कोणता क्रमांक कुठे बसला आणि त्या बॅटऱ्यांशिवाय काकांची रात्र कशी काढायची, हे तीच सांगू शकेल. पण त्या पाच क्रमांकांवर भरवसा ठेवू नकोस, हे आधी मला तिला सांगावं लागेल.

आत्ता पंखा मंदावला, पुन्हा फिरू लागला. दिवा लुकलुकला. लाइट जायच्या आधी आमच्याकडे असंच होतं. तिकडे काका मास्क लावून झोपले असतील आणि काकू उशाशी जाग्या असतील.

सहा वाजायला साडेचार तास आहेत. तेवढा वेळ मला नको आहे. पहारेकऱ्याचा नंबर पुन्हा लावते. तो विचारेल, तातडीचं आहे का. हो म्हणेन. आणि निरोप विचारलाच तर सांगेन, तिला म्हणावं, आईने टेबलाला हात लावला होता.