शब्दांच्या शेपट्या

आमच्या शाळेत इंग्रजीचा तास म्हणजे नुसत्या उठाबशा. गुरुजींनी पुढच्या बाकांवरच्या पोरांना शब्द वाटले होते आणि मागच्यांना शेपट्या. पुढचा 'केअर' म्हणाला की मागून 'फुल' उठायची, की झाला काळजी घेणारा माणूस. मी 'लेस'. मी उठले की तोच माणूस निष्काळजी व्हायचा आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसायचा, जसं काही मीच त्याला बिघडवला. 'नेस' लागली की गुणाचं नाव होतं, 'एड' लागला की काम होऊन गेलेलं असतं, असं गुरुजी सांगत. ज्याची त्याला आपली शेपटी पक्की पाठ होती.

त्या साली शिरूर कासारकडे पाऊस फिरकलाच नाही. विहिरींनी तळ गाठला. दसरा होतो न होतो तोच ऊसतोडीला माणसं न्यायला सहकारी साखर कारखान्याचे ट्रक गावात आले. आईबापांबरोबर पोरंही ट्रकवर चढत. आधी 'एड' गेला. आता आपल्या वर्गात काही होऊन गेलं असं म्हणायची सोय राहिली नाही, असं म्हणत गुरुजी हसले. पाठोपाठ 'फुल' आणि 'नेस' या दोघी बहिणी गेल्या, तेव्हा ते हसले नाहीत.

मला भीती बसली ती तेव्हापासून. ट्रकचा हॉर्न ऐकला की मी धावत घरात शिरायची. घरी वर्षाचा भाऊ होता, माझ्याच कुशीत झोपणारा. आईवडील ऊस तोडत असताना त्याला फडाच्या कडेला सांभाळायला मी लागणार, हे कुणी न सांगताही मला कळत होतं.

एका संध्याकाळी गुरुजी दारात आले. "पोरीला ठेवा इथं. लई हुशार हाय."

वडील खाली बघत म्हणाले, "ठिवली असती गुरुजी. तिची चुलती तिला सांभाळंल, पर अंगावरच्या लेकराला न्हाई. त्याला कुनापाशी सोडावं?"

मी दाराआड उभी होते. तेवढ्यात आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला. लहान्याला मी उसाच्या सरीत झोपवीन."

ट्रक निघाला तेव्हा भाऊ माझ्याकडे हात करून रडत होता. मला वाटलं होतं, भीती ट्रकबरोबर जाईल. ती माझ्यापाशीच राहिली आणि वाढत गेली. सरीतला साप, उसाच्या गाडीची चाकं, काय काय डोळ्यांपुढे यायचं. कारखान्यावरून कुणी आलं की मी लपून बसायची. भावाचं विचारायची हिंमतच होत नव्हती.

वर्गात शेपट्यांपैकी मी एकटीच उरले होते. आता शब्दही गुरुजीच फळ्यावर लिहून म्हणत. ते 'होप' म्हणाले, मी उठले, आशा संपली. 'होम' म्हणाले, मी उठले, घर गेलं. मग ते 'चाइल्ड' म्हणाले. मी उठले तर लेकरू नाहीसं होणार होतं. माझे पाय उचलेनात. गुरुजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो शब्द फळ्यावरून पुसून टाकला.

गुढीपाडव्याच्या सुमारास ट्रक परत आले. मी धावत सुटले. आईच्या तोंडाकडे बघायचा धीर नव्हता, आधी तिच्या कडेवर बघितलं. होता. उन्हानं रापलेला, पायांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, पण होता. मला रडूच फुटलं. मी दोन्ही हात पुढे केले. त्यानं माझ्याकडे टक लावून बघितलं आणि घाबरून आईच्या मानेत तोंड खुपसलं.

"अरं, ताई हाय तुजी," आई म्हणाली.

तो आणखीच जोरात रडायला लागला.