लूम बंद, ट्रेबल खाली

मंडळी, माझ्या गिटारच्या अ‍ॅम्पचा क्लीन टोन कर्कश येतो असं मी इथे फोरमवर विचारलं होतं, तेव्हा बहुतेकांनी अ‍ॅम्पमधल्या ट्यूब बदलायला सांगितलं. त्याची गरज नाही. म्हणून आज मुद्दाम सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

मी सुरतेत, लिंबायतला लूम कारखान्यात यंत्रमागांची देखभाल करणारा मास्तर आहे. पाळी सुटली की घरी येऊन गिटार घेतो. आज सुट्टी होती. सकाळी अ‍ॅम्प लावला, बटणं कालच्याच जागेवर, आणि पहिलाच कॉर्ड कानात सुईसारखा घुसला.

बायको आतून म्हणाली, "रोज असंच वाजस. तुमलेच ऐकू येत नही."

बरोबर होतं तिचं. दिवसभर लूमच्या खडखडाटाने कान बधिर होतात, मग सूर मंद वाटतो आणि धार यावी म्हणून मी ट्रेबल चढवतो. आज ट्रेबल अर्ध्याच्या खाली आणला, गेन कमी केला, मास्टर व्हॉल्यूम वाढवला. त्याच जुन्या ट्यूबांतून हवा तसा ऊबदार टोन आला.

तुम्ही टोन कधी लावता? कामावरून आल्या आल्या, की कान ताजे असताना?

मी वाजवायला बसलो की बायको मधलं दार लावून घ्यायची. आज ते उघडं राहिलं.