मागितलेला शनिवार

कामगार आयुक्तांच्या कचेरीबाहेर काल कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या बायका बसल्या होत्या. आत सरकार, मालक आणि युनियन यांची पाच दिवसांच्या आठवड्यावर बोलणी चालली होती. एक बाई भिंतीला टेकून झोपली होती. घोषणा झाली की तिची मूठ झोपेतच वर जाई. माझी पत्नीही त्यांच्याच कारखान्यात होती. शनिवार मिळाला की नुसती झोपेन, म्हणायची. त्याआधीच ती गेली.

युनियनचे पुढारी बाहेर आले. "बायांनो, शनिवार मिळाला! फक्त रोजचे तास वाढतील."

ती बाई डोळे चोळत उठली. "भाऊ, मग रांधायचं कधी अन् निजायचं कधी?"

हे ऐकायला माझी बायको नाही, याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.