आवाज न करणारा कॅमेरा

स्टुडिओत फोटो स्क्रीनवर मोठा केला. कविताच्या वडिलांच्या चेहऱ्यावरून आडवे काळपट पट्टे गेले होते. एकाच नाही, तिन्ही फोटोंत.

कविता शेजारीच बसली होती. वडील दोन दिवसांपूर्वी गेले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमात लावायला तिला त्यांचा मोठा फोटो हवा होता, आणि तोही लग्नातलाच, तिच्या डोक्यावर हात ठेवलेला.

लग्न दीड महिन्यापूर्वी धसईजवळ, त्यांच्या दारातल्या मांडवात झालं होतं. शहापूरला माझा स्टुडिओ आहे. वीस वर्षं हेच करतोय. आदल्या दिवशी जागेवर जायचं, उजेड बघायचा, चार फोटो काढून मोठे करून तपासायचे, ही माझी पद्धत. त्या वेळी गेलो नाही. नवा कॅमेरा नुकताच आला होता आणि तो मिरवायची घाई झाली होती. सराव काय, मांडवात होईल, म्हटलं. लग्नानंतर अल्बमचं काम लांबलं, म्हणून घरात काढलेले हे फोटो उघडूनही पाहिले नाहीत.

मांडवात बुद्धवंदना झाली, फुलं पडली. उन्हात सगळं झकास आलं. मग कविता म्हणाली, "दादा, आता आत चला. बाबांना भायेर आणता येत नाय."

लकव्यानं वडील वर्षभर खाटेवर होते. आजारपणात त्यांनी कुणाला फोटो काढू दिला नव्हता. त्या दिवशी स्वतःच म्हणाले, "काढ रे. पोरीसंगं एक काढ."

खोलीत एकच एलईडी बल्ब. कॅमेऱ्यात आवाज न होणारा मोड होता. आजारी माणसासमोर खटखट नको म्हणून तो लावला. त्याचंही मला कौतुक वाटलं.

काही बल्ब भराभर कमी-जास्त होत असतात, डोळ्याला ते कळत नाही. या मोडमध्ये कॅमेरा फोटो एकदम घेत नाही, वरून खाली ओळीओळीनं घेतो. बल्ब मंद असताना घेतलेल्या ओळी काळ्या येतात. तिथल्या बल्बखाली पाच मिनिटं सराव केला असता तरी कळलं असतं.

"पट्टे जातील ना?" कवितानं विचारलं.

सॉफ्टवेअरवर तासभर झटलो. पट्टे गेले, पण चेहरा मेणाचा झाला.

"हे बाबा नाय वाटत," ती हळूच म्हणाली. "कशानं झालं हो असं?"

"तुमचा बल्ब हलका होता," मी म्हणालो.

शेवटी मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून दिला.

महिन्याभरानं अल्बम द्यायला गेलो. आतल्या खोलीत नवा बल्ब होता. कविताचा मोठा भाऊ चहा घेऊन आला. म्हणाला, "जुना बल्ब मीच आणलेला, सस्त्यातला. कवितानं बल्बचं सांगितलं, मला बोल नाय लावला, पण माझ्यामुळं बाबांचा फोटो गेला. दुसऱ्याच दिवशी काढून टाकला."

मला तिथंच बोलायला हवं होतं. चहा प्यालो आणि निघालो.

आता नवी वस्तू आणली की आधी आठवडाभर सराव करतो. कॅमेऱ्यापुरतं तेवढं पुरतं. कविताच्या भावाला खरं सांगायचं मात्र अजून राहिलंय.