गुरुवारची हार

जिन्यावरच्या दोन खोल्यांच्या त्या कचेरीत कर भरायला येणारे लोक करसल्लागार बाईंना पाठीमागे शंकाबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तीस वर्षांत त्यांनी कुणाच्याही कागदावर डोळे झाकून सही केली नव्हती. समोरच्याने पाण्याचा पेला जरा जास्त वेळ तोंडाला लावला, तरी त्यांच्या मनात पाल चुकचुकायची.

आणि त्यांच्यापुढे येऊन बसला कोण, तर पोकर खेळून पोट भरणारा माणूस!

"पोकर समजलं. पण पोटापाण्याचं काय करता?"

"तेच करतो, बाई."

त्याने जाडजूड वही पुढे सरकवली. कुठे, कुणाशी खेळला, किती नेले, किती आणले, सगळं तारखेनिशी. जिंकलेल्यातून हरलेले वजा करायचे आणि उरेल त्यावर कर भरायचा. म्हणजे हार फुगवली की कर घटला. बाईंनी पानं उजेडाला धरली. शाई वेगवेगळी होती, डागही जुने होते. वही खरी दिसत होती, म्हणून त्या जास्तच सावध झाल्या. मग त्यांना गुरुवार सापडले.

"बावन्न गुरुवार, बावन्न वेळा हार. समोर दर वेळी हेच 'मास्तर'. तुमच्यासारखा तरबेज माणूस हरतो कसा?"

"नशीब," तो कान चोळत म्हणाला.

"नशिबाचा वार ठरलेला असतो का हो?"

त्याने मान खाली घातली. "मास्तर म्हणजे माझे बाबा. घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरायला लागले, दुकान बंद झालं. माझ्याकडून दमडी घेत नाहीत. पत्ते मात्र त्यांनीच शिकवलेत मला, त्यामुळे जिंकलेले पैसे ऐटीत खिशात घालतात. त्यातून औषधं येतात. मी मुद्दाम हरतो हे कळलं तर पत्तेही बंद आणि औषधंही."

बाईंना वाईट वाटलं. पण नियम तो नियम.

"ही हार नव्हे, भेट आहे. वजा होणार नाही."

त्यांनी बावन्न ओळींवर काट मारली. वाढलेला कर त्याने कुरकुर न करता भरला, तेव्हा बाईंना पुन्हा शंका आली. हे वडील खरंच आहेत तरी का?

आठवड्याभराने वडीलच जिना चढून आले. थरथरत्या हातांनी त्यांनी छोटी वही काढली.

"दर गुरुवारी पोकरमध्ये कमावतो. कर भरायचाय."

बाईंनी आकडे ताडून पाहिले. पै न् पै जुळली. आता आली का पंचाईत! भेटीवर कर नसतो हे सांगावं तर मुलाचं बिंग फुटतं, आणि गप्प बसावं तर म्हाताऱ्याच्या खिशाला उगाच चाट.

"रक्कम लहान आहे, काका. राहू द्या ना," त्या पेनाचं टोपण काढत-घालत म्हणाल्या.

म्हातारा त्या टोपणाकडेच बघत होता. "त्याने सांगितलंय तुम्हाला."

बाईंच्या हातातलं टोपण जागीच थांबलं.

"लपवाछपवी करायची असली की पोरगा कान चोळतो. सहा वर्षांचा असल्यापासून. गुरुवारी तर लालबुंद होईस्तोवर चोळतो आणि चांगली पानं टाकून देतो."

"अहो, मग कर कशाला भरता? भेटीवर तो लागतच नाही."

"हल्ली तो माझ्याकडे संशयाने बघतो. मला कळलं असेल अशी धास्ती घेतलीय त्याने. मी कर भरला म्हटल्यावर विश्वास बसेल. खोट्या कमाईवर कोण कर भरतं?" म्हाताऱ्याने पाकीट उघडलं. "पावतीच्या दोन प्रती द्या, बाई. एक मी जेवणाच्या टेबलावर विसरणार आहे."

बाईंनी फॉर्म ओढला आणि उत्पन्नाच्या रकान्यात 'पोकर' लिहिलं. खोटा आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या कागदावर त्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदाच सही केली, आणि प्रती दोन काढल्या.