टेस्टिंगची टिटवी

इतवारीतला तो स्पीकर दुरुस्त करणारा माणूस टेस्टिंगला गाणं लावत नाही. खाणीत गेलेल्या आपल्या वावराचं जुनं रेकॉर्डिंग लावतो. त्यात बैलांचे घुंगरू आहेत, ज्वारीतला वारा आहे आणि मधूनच एक टिटवी ओरडते. त्याच्या गावची माणसं चांगले स्पीकरही बिघडले म्हणून आणतात. तोही मुकाट्यानं स्क्रू काढून परत बसवतो, आणि मग सगळे माना खाली घालून ऐकतात.

मी एकदा कॉपी मागितली. "घरी एकट्यानं नका आयकू भाऊ," तो म्हणाला. "लय सुनं लागते."

परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं. जोडलेला स्पीकर पुढ्यात घेऊन, बटणावर बोट ठेवून तो रस्त्याकडे बघत होता. मला घाई होती. हात करून मी पुढे निघालो. कोपऱ्यापर्यंत मागून टिटवी काही ओरडली नाही.